गाणं मोठं की इतिहास मोठा? याझेप्स वीतोल्स आणि 'प्रकाशाचा गड'

मध्यसप्तक
नमस्कार मंडळी. आपल्याकडे पाश्चात्त्य समूहगायनावर धागे फारसे निघत नाहीत, म्हणून जरा बिचकतच हा काढतेय.

मी हॅम्बुर्गमध्ये एका हौशी कॉयरमध्ये आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते. यंदाच्या हिवाळी कार्यक्रमासाठी आमच्या दिग्दर्शकबाईंनी एक लात्व्हियन गाणं निवडलंय. नाव 'गाइस्मास पिल्स', म्हणजे 'प्रकाशाचा गड'. संगीतकार याझेप्स वीतोल्स, साल १८९९. वाद्यं नाहीत, नुसते आवाज.

वीतोल्सबद्दल थोडक्यात: जन्म २६ जुलै १८६३, वाल्मिएरा गावी. वडील शिक्षक. बालपण येल्गावात. १८८० मध्ये पोरगा सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) दाखल झाला, रिम्स्की-कोर्साकोव्हकडे रचना शिकला आणि १८८६ ला शिक्षण संपल्यावर तिथेच शिकवायला लागला तो थेट १९१८ पर्यंत. प्रोकोफिएव्ह आणि म्यास्कोव्हस्की हे नामवंत रशियन संगीतकार त्याचे विद्यार्थी! मग लात्व्हिया स्वतंत्र झाल्यावर रीगाला परतला, १९१९ मध्ये देशाची पहिली कॉन्झर्व्हेटरी उभी केली. आज ती संगीत अकादमी त्याच्याच नावाने ओळखली जाते. १९४४ च्या शरद ऋतूत सोव्हिएत फौजा पुन्हा आल्या तेव्हा एक्क्याऐंशीव्या वर्षी देश सोडावा लागला. २४ एप्रिल १९४८ ला ल्यूबेकमध्ये, निर्वासित म्हणून गेला. ल्यूबेक माझ्या घरापासून आगगाडीने पाऊण तासावर आहे, त्यामुळे हे वाचून जरा चमकायला झालं.

गाण्याची गोष्ट अशी: कुर्झेमे प्रांतातल्या डोंगरावर एक उजळ गड होता. रक्ताचे दिवस आले, माणसं गुलाम झाली, गड जमिनीत बुडाला. त्याचं नाव जुन्या ओक वृक्षांनी जपून ठेवलंय. कुणी ते ओळखून हाक मारली तर गड वर येईल. शेवटी लोकांची मुलं नाव ओळखतात, हाक मारतात, गड वर येतो.

आता मुद्दा. १९८५ च्या रीगातल्या गीतमहोत्सवात सोव्हिएत सरकारने हे गाणं कार्यक्रमातून वगळलं. शेवटच्या दिवशी हजारो गायक मंचावरून हलेचनात, गाण्याची मागणी करत राहिले. हाराल्ड्स मेद्निस नावाच्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाला, ज्याला त्या वर्षी मुख्य दिग्दर्शकांत घेतलंच नव्हतं, त्यांनी हाका मारून मारून पुढे आणलं आणि गाणं गायलं.

ही हकीकत वाचली की माझ्या अंगावर काटा येतो. पण तालमीत नोटेशन समोर धरून गाताना नाही येत. गाणं छान आहे, बांधेसूद आहे, एवढंच वाटतं. मग मोठं काय? गाणं, की त्याला चिकटलेला इतिहास? ज्यांनी ऐकलंय, गायलंय त्यांनी लिहा. न ऐकणाऱ्यांनीही लिहा, तशी आपली परंपराच आहे.

उगाच_एक
प्रकाशगड म्हणजे वांद्र्याचं वीज मंडळाचं ऑफिस ना? ते कितीही हाका मारल्या तरी हलत नाही.

पावसाळी_छत्री
@उगाच_एक :हहपुवा:
ताई, लेख आवडला. प्रोकोफिएव्हचा मास्तर हे माहीतच नव्हतं.

सदाशिवपेठी
विषय उत्तम. मात्र प्रश्नच चुकीचा मांडला आहे असे माझे मत. 'गाणे मोठे की इतिहास' हा भेद परक्या श्रोत्याला पडतो. ज्याचे गाणे आहे त्याला पडत नाही. आपण 'वंदे मातरम्' ऐकताना राग देस वेगळा आणि १९०५ वेगळे असे ऐकतो काय?

दुसरे, वीतोल्स यांच्याविषयी एक बाजू राहिली. ते पीटर्सबर्गमध्ये बेल्यायेव्ह या लाकडाच्या व्यापाऱ्याच्या शुक्रवारच्या बैठकीत बसणारे गृहस्थ. ग्लाझुनोव्ह, ल्यादोव्ह हे मित्र. रिम्स्की-कोर्साकोव्ह १९०८ साली वारल्यावर त्यांचा रचनेचा वर्ग वीतोल्स यांच्याकडे आला. शिवाय तिथल्या जर्मन वर्तमानपत्रात ते वर्षानुवर्षे संगीतसमीक्षा लिहीत. म्हणजे हा माणूस राजधानीतला प्रतिष्ठित प्राध्यापक, जर्मनमध्ये लिहिणारा, रशियनमध्ये शिकवणारा, आणि 'लात्व्हियन संगीताचा जनक'. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तिरकस
वरच्या प्रतिसादातूनच माझा मुद्दा निघतो. यात लात्व्हियन काय आहे? स्वररचना रशियन-जर्मन शाळेतली. चार आवाजांचा कॉयर हा प्रकार जर्मन. गीतमहोत्सव ही कल्पनासुद्धा जर्मन. रीगातल्या जर्मन उमरावांनी आणि व्यापाऱ्यांनी १८३६ आणि १८६१ मध्ये आपापले गाण्याचे सोहळे भरवले होते, लात्व्हियन लोकांचा पहिला १८७३ चा. साहेबाचा कोट घालून साहेबाला विरोध, एवढंच.

गाणं ऐकलं आत्ता. बरं आहे. ग्लाझुनोव्हच्या मित्राने लिहिल्यासारखं आहे, कारण ते ग्लाझुनोव्हच्या मित्रानेच लिहिलंय.

रीगाकर
अरे वा, आमच्या गावाचा धागा! मी रीगात मास्टर्ससाठी आलो आणि नोकरी लागली म्हणून इथेच राहिलो. (हो, इथे बरीच भारतीय मुलं शिकतात, त्यात मराठीही आहेत. नाही, इथे मिसळ मिळत नाही.)

@तिरकस, कोट साहेबाचा हे लात्व्हियन लोक स्वतःच सांगतात, लपवत नाहीत. पण तो कोट गावागावात पोचला कसा ते बघा. यानिस त्सिम्झे नावाचा एक शिक्षक होता, १८१४ ते १८८१. तो व्हिड्झेमे प्रांताच्या शिक्षक विद्यालयाचा प्रमुख. विद्यालय आधी वाल्मिएरात होतं, मग वाल्का गावी हललं. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मास्तराला गाणं, वाद्य आणि कॉयर चालवणं यावंच लागायचं. मास्तर खेड्यातल्या शाळेवर रुजू झाला की शाळेत मुलांचा कॉयर आणि संध्याकाळी शेतकऱ्यांचा कॉयर. अशी एक पिढी गेली आणि १८७३ ला रीगात पहिला महोत्सव भरला तेव्हा ४५ कॉयर आणि हजाराच्या आसपास गायक जमले. सध्याचं राष्ट्रगीतही त्याच महोत्सवासाठी झालं, बाउमान्यु कार्लिस या शिक्षकाने लिहून चाल लावलेलं.

'गाइस्मास पिल्स'चे शब्द ज्याचे, तो कवी आउसेक्लिस (खरं नाव मिकेलिस क्रोग्झेमिस) याच त्सिम्झेच्या विद्यालयातला. १८७९ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी पीटर्सबर्गमध्ये वारला. वीतोल्स तिथे पोचला १८८० मध्ये. एका वर्षाने चुकामूक.

मध्यसप्तक
@रीगाकर, हे शेवटचं माहीत नव्हतं. मी आपली समजत होते की दोघं मित्र असतील.

@सदाशिवपेठी काका, परका श्रोता हाच तर माझा प्रश्न आहे. मी परकी आहे. माझ्यासारखीला हे गाणं नुसतं गाणं म्हणून काय देतं?

गोंयकार_बाब
त्सिम्झेचं वाचून आमचा मेस्त आठवला. गोव्यात चर्चच्या जोडीला पाद्रींच्या शाळा असायच्या आणि तिथे मेस्त पोरांना सोल्फ शिकवायचा. दो रे मी वाचता आलं पाहिजे, व्हायोलिन हातात धरता आलं पाहिजे, रविवारी मिस्साला कॉयर उभा राहिला पाहिजे. माझे आजोबा त्यातलेच. छडी पण असायची हां.

त्या शाळांतून निघालेली माणसं पुढे मुंबईला गेली. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागचे अरेंजर बघा, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. आणि गावात राहिले त्यांनी मांडो गायले, दोन आवाजांत, संवादी. लात्व्हियाला मास्तर, गोव्याला मेस्त. फरक इतकाच की आमच्या मेस्ताला कुणी देश उभा करायला सांगितला नाही. फेस्ताची वेस्पर (संध्याकाळची प्रार्थना) नीट व्हायला हवी, बस्स.

ओवीवाली
मला गाण्यातलं शास्त्र कळत नाही, पण लात्व्हिया म्हटलं की मला एकच माणूस आठवतो, क्रिश्यानिस बारोन्स. याने आयुष्य घालवून 'दाइना' गोळा केल्या. दाइना म्हणजे चार-चार ओळींची लोकगीतं, बहुतेक बायकांची. जन्म, लग्न, दळण, गुरं, सूर्य, मरण, सगळं त्या चार ओळींत. त्याच्या छापील संग्रहात २,१७,९९६ गीतं आहेत! मॉस्कोत असताना १८८० मध्ये त्याने एक खास कपाट करून घेतलं, खणांचं. प्रत्येक गीत बोटभर रुंदीच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात, आणि चिठ्ठ्या विषयवार खणात. ते कपाट आता युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहे.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं असंच काम केलं, लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. मी त्यातल्या मुळशीकडच्या ओव्यांवर थोडं काम केलंय म्हणून हे ओळखीचं वाटतं. माझा प्रश्न: वीतोल्सने दाइना वापरल्या का? की नुसता कवींचाच मजकूर?

रीगाकर
@ओवीवाली, वापरल्या, भरपूर. शेकडो लोकगीतांना त्याने आवाज आणि पियानोसाठी किंवा कॉयरसाठी साज चढवलाय.

आणि गंमत ऐका. ते कपाट आज कुठे आहे? दाउगावा नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. काचेचा उतरत्या कडांचा डोंगर वाटावा अशी इमारत आहे, वास्तुरचनाकार गुनार बिर्केर्ट्स. तिला सगळे 'गाइस्मास पिल्स' म्हणतात. २०१४ च्या जानेवारीत जुन्या ग्रंथालयातून पुस्तकं नव्या इमारतीत नेताना लोकांनी थंडीत रांग लावून हातोहात पुस्तकं पुढे दिली.

@उगाच_एक, तुमच्या प्रकाशगडापेक्षा इथे फाइल लवकर पुढे सरकते.

उगाच_एक
हातोहात म्हटल्यावर सरकणारच. आमच्याकडे टेबलाखालून जाते म्हणून वेळ लागतो.

तिरकस
@ओवीवाली, लोकगीताला 'साज चढवणं' हीच माझी तक्रार. ओवीला पियानो जोडला की ती ओवी राहते का? त्यापेक्षा मेल्नगाइलिस ऐका. एमिलिस मेल्नगाइलिस, १८७४ ते १९५४. तोही रिम्स्की-कोर्साकोव्हचाच शिष्य, पुढे ताश्कंदमध्ये बरीच वर्षं काढली, पण गावोगाव हिंडून हजारो चाली स्वतः कानाने टिपून घेतल्या. त्याच्या कॉयररचनांत माती लागते हाताला. वीतोल्सकडे हातमोजे आहेत.

ओवीवाली
@तिरकस, मेल्नगाइलिसनेही शेवटी चार आवाजांतच बसवलं ना? मोजे त्यानेही घातले, फक्त जाड लोकरीचे. आणि जात्यावरची बाई टेपरेकॉर्डरसमोर गाते तेव्हासुद्धा जातं थांबलेलंच असतं. शुद्ध असं काही हाती लागत नाही हो.

पावसाळी_छत्री
ओवीवाली +१

खर्ज
मुंबईत कॉयरमध्ये बेस गातो. थोडं गाण्याकडे येऊ या का?

'गाइस्मास पिल्स' आम्ही गायलं नाही, पण स्वरलिपी उघडून बसलो होतो. काही निरीक्षणं, बेसच्या बाकावरून:

याला ध्रुवपद नाही. कथा पुढे जाते तसं संगीत बदलत जातं, मागे वळत नाही. सुरुवात प्रश्नाने आहे, कुठे गेले ते जुने देव, कुठे गेली ती मोकळी माणसं, आणि तो प्रश्न ओरडून विचारलेला नाही. गड बुडतो तेव्हा आवाज काळवंडत खाली उतरतात. शेवटी हाक मारली जाते आणि उजेड होतो, तिथे सगळ्यांनी मिळून लख्ख उघडायचं. कागदावर बघितलं तर स्वरांत क्रांतिकारक काही नाही, तिरकसराव बरोबर आहेत. पण बहुतेक वेळ चारही आवाज शब्द एकत्र उच्चारतात. सोप्रानो भलतीकडे पळते, आल्टो तिसरंच काही म्हणते, असं फारसं होत नाही. त्यामुळे गोष्ट ऐकू येते. वीतोल्सला शब्द पोचवायचे होते.

आणि दुसरं, हे हौशी माणसाला गाता येतं. अवघड आहे, पण शेतावरून येऊन तालमीला बसणाऱ्याला हिवाळाभर घासून जमेल इतपत अवघड. पीटर्सबर्गच्या प्राध्यापकाला याच्या दुप्पट गुंतागुंतीचं लिहिता आलं नसतं का? आलं असतं. १८८८ मध्ये त्याने सिंफनी लिहिली होती, लात्व्हियन माणसाने लिहिलेली पहिली. गाण्यात तो हात राखून लिहितो.

मध्यसप्तक
@खर्ज, खूप धन्यवाद. 'शब्द एकत्र उच्चारतात' हे आमच्या बाई तालमीत सारखं म्हणतात. आम्ही जर्मन आणि मी एक मराठी, लात्व्हियन शब्द एका वेळी तोंडातून काढणं हाच अर्धा अभ्यास आहे. शब्दाच्या शेवटचा 'स' सगळ्यांचा एकदम यायला हवा. नाहीतर सायकलची हवा गेल्यासारखा फुस्स आवाज हॉलभर फिरतो.

बंडू_मास्तर
अवांतर: समूहगानाचा विषय निघालाच आहे तर मास्टर कृष्णरावांची आठवण काढली पाहिजे. 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावं म्हणून त्यांनी समूहाला आणि बँडला पेलेल अशी चाल बांधली आणि दिल्लीला जाऊन नेहरूंपुढे आणि घटना समितीच्या सभासदांपुढे सादर केली. आक्षेप असा होता की हे गाणं बँडवर बसत नाही. बुवांनी बसवून दाखवलं. आपल्याकडे देशासाठी गाणं एकट्या गवयाने बांधलं, तिकडे मास्तरांच्या फौजेने.

सदाशिवपेठी
उत्तम उदाहरण. मात्र त्यावरून राष्ट्रगीताचा वाद इथे सुरू करू नये ही विनंती. तो गेल्या धाग्यावर झाला आहे आणि संपादकांना कुलूप लावावे लागले होते.

कोकीळकंठ
मला एक कळत नाही. आपल्या संगीतात एक माणूस गातो आणि राग उलगडतो. दहा हजार माणसं एकदम गाणार तर त्यात गाणं कुठे, नुसता आवाजाचा लोंढा. भजनी मंडळात पंचवीस लोक असले तरी मागचे टाळकरी सुराला सोडून असतात!

रीगाकर
@कोकीळकंठ, मी २०२३ चा महोत्सव पाहिला, दीडशे वर्षांचा. बॉलिवूड सोडून कुठलंही संगीत न ऐकणारा माणूस मी, ऑफिसातल्या एका सहकारी बाईंमुळे गेलो. त्या गातात. म्हणून थोडं आतून सांगतो.

मेझापार्क्स नावाचं जंगलवजा उपनगर आहे, तिथे उघड्यावरचा प्रचंड मंच. त्यावर दहा हजारांहून जास्त गायक मावतात. पायऱ्या इतक्या चढत जातात की वरच्या रांगेतला माणूस खालून ठिपका दिसतो. दुपारी तालीम होती. समोर उंच चौथऱ्यावर दिग्दर्शक, आणि तो एक ओळ परत परत म्हणवून घेत होता. मला वाटलं माइकमध्ये बिघाड आहे. सहकारी बाईंनी समजावलं: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचाच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकापासून ऐंशी मीटरवर असेल तर त्याचा सूर पोचायला जवळजवळ पाव सेकंद लागतो. शेजाऱ्याचं ऐकून गायलात की तुम्ही मागे पडलात, तुमचं ऐकून पुढचा आणखी मागे. म्हणून कानावर विसंबायचं नाही, दिग्दर्शकाच्या हाताकडे बघायचं. हात खाली आला की गायचं, काही ऐकू येवो न येवो.

टाळकऱ्यांची भानगड इथे तालमीआधीच मिटवलेली असते. कॉयरना आधी परीक्षेसाठी गावं लागतं, परीक्षक गुण देतात. गाणी कुठली ते खूप आधी ठरतं, देशभर आणि परदेशातल्या लात्व्हियन वस्त्यांतसुद्धा तीच गाणी घोकली जातात.

समारोप झाला की घरी जायचं नसतं. गायक आणि प्रेक्षक मिळून पहाटेपर्यंत गात बसतात. मला शब्द येत नव्हते, मी 'आ' करून होतो.

कोकीळकंठ
परीक्षा घेतात हे आवडलं. आमच्या मंडळात सुरू करावी म्हणतो, पण मग मंडळात मी आणि पेटीवाले दोघंच उरू.

निळी_शाई
वाचनमात्र होते, पण लिहावंसं वाटलं. वीतोल्सच्या शिष्यांवर कुणीच काही लिहिलं नाही. लूत्सिया गारूता, १९०२ ते १९७७. वीतोल्सकडे रीगात रचना शिकली. तिची 'देवा, तुझी धरती जळते आहे' ही कंताता (गायक, कॉयर आणि वाद्यासाठीची मोठी रचना) १५ मार्च १९४४ ला रीगाच्या जुन्या गर्ट्रूड चर्चमध्ये पहिल्यांदा झाली, ऑर्गनवर ती स्वतः होती. युद्धाची आघाडी जवळ सरकत होती. त्याच वर्षी गुरू देश सोडून गेला, ही राहिली. सोव्हिएत काळात त्या कंतातेवर बंदी होती. मध्यसप्तकताईंच्या प्रश्नाला याहून अवघड उदाहरण सापडणार नाही: ही रचना ती तारीख बाजूला ठेवून ऐकताच येत नाही, आणि तरीही मधली प्रार्थना निव्वळ संगीत म्हणून पोटात कालवते.

आणि एमिल्स दार्झिन्श. हा वीतोल्सपेक्षा बारा वर्षांनी लहान. पैशाअभावी पीटर्सबर्गचं शिक्षण अर्धवट सोडून आला. सिबेलियस या फिनिश संगीतकाराची नक्कल करतो असा आरोप एका समकालीन संगीतकाराने केला, तो इतका जिव्हारी लागला की त्याने स्वतःच्या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना नष्ट केल्या. १९१० मध्ये रीगात आगगाडीखाली सापडून गेला, पस्तिशीही पूर्ण नव्हती. गाणी मात्र राहिली, आणि त्यातलं वादळाने मोडलेल्या पाइन वृक्षांचं कॉयरगीत, शब्द राइनिसचे, ऐकाच. दार्झिन्शपुढे वीतोल्स मला नेहमी शहाणा, समंजस, जरा जास्तच नेटका वाटतो.

तिरकस
@निळी_शाई, 'नेटका' हाच शब्द मी शोधत होतो.

खर्ज
नेटका माणूस लागतो हो. दार्झिन्श जळून गेला. वीतोल्सने संस्था काढली आणि १९१९ ते १९४४ मधला बहुतेक काळ ती चालवली. दार्झिन्शचा मुलगा व्होल्फगांग्सही त्याच संस्थेत शिकला.

पावसाळी_छत्री
आजचं कुणी सुचवा ना. सगळे गेलेलेच का?

निळी_शाई
@पावसाळी_छत्री, पेतेरिस वास्क्स, जन्म १९४६. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक, म्हणून सोव्हिएत लात्व्हियात त्याला उच्च संगीतशिक्षणाचं दार बंद झालं. शेजारच्या लिथुआनियात जाऊन डबल बास शिकला. कॉयर आणि तंतुवाद्यांसाठी त्याचं 'दोना नोबिस पाचेम' आहे, १९९६ चं. घाईत ऐकू नका.

आणि एरिक्स एशेन्वाल्ड्स, जन्म १९७७. हा स्वतः बरीच वर्षं लात्व्हियाच्या सरकारी कॉयरमध्ये गायचा, मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दोन वर्षं होता. त्याच्या 'स्टार्स' या गाण्यात गायक पाणी भरलेल्या काचेच्या प्याल्यांच्या कडेवरून ओलं बोट फिरवतात. आपल्याशी खरा धागा म्हणजे २००६ मध्ये त्याने मदर तेरेसांच्या स्मृत्यर्थ 'समुद्रातला एक थेंब' लिहिलं. त्यात कुजबुज आहे, फुंकर आहे, आणि मग हळूहळू सूर.

उगाच_एक
ओलं बोट प्याल्यावर फिरवणे हा प्रकार आमच्याकडे रात्री अकरानंतर सर्रास होतो, त्याला एवढा सन्मान मिळतो हे माहीत नव्हतं.

बंडू_मास्तर
मध्यसप्तकताई, ल्यूबेक जवळ आहे म्हणता तर एकदा समाधीवर जाऊन या. फोटो टाका.

रीगाकर
@बंडू_मास्तर, आता तिथे नाही. स्वातंत्र्य परत मिळाल्यावर १९९३ मध्ये अवशेष रीगाला आणले, वनस्मशानभूमीत आहेत. बघायचंच तर गाउयिएना गाव बघा. तिथे त्याचं उन्हाळी घर आहे, संग्रहालय केलंय. घराला बायकोच्या, आन्नियाच्या, नावावरून 'आन्निन्यास' म्हणतात. जुलैत वाढदिवसाच्या सुमारास तिथे संगीताचे दिवस असतात, झाडांखाली कॉयर गातात.

@तिरकस, एक गंमत तुमच्यासाठी. ज्या सोव्हिएत सरकारने १९८५ मध्ये गाणं वगळलं, त्याच राजवटीत १९५८ मध्ये कॉन्झर्व्हेटरीला वीतोल्सचं नाव दिलं गेलं होतं. पळून गेलेला, परदेशात वारलेला माणूस, तरी नाव चाललं. म्हणजे माणूस पचला, गाणं पचलं नाही. तुमच्या नेटक्या गाण्यात काहीतरी असणारच की.

तिरकस
@रीगाकर, शब्दांत आहे! बुडालेला गड, गुलाम जनता, नाव घेतलं की सुटका. त्याला कोणतीही चाल लावली असती तरी सेन्सॉरने कापलं असतं. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात.

खर्ज
नाही पटत. आउसेक्लिसची ही कविता १८९९ च्या आधी पंचवीसेक वर्षं कागदावर होतीच. कविता कापली तर लोक घरी वाचतात, विषय संपतो. इथे मंचावर उभ्या प्रत्येकाला आपापला आवाज पाठ होता, कार्यक्रमपत्रिकेत असो नसो. मेद्निसने हात उचलला आणि चार आवाजांत गाणं उभं राहिलं. कागद लागले नाहीत. ते कशामुळे? चालीमुळे, आणि ती गळ्यात बसेल अशी लिहिल्यामुळे. वीतोल्सची कारागिरी तिथे दिसते. स्वरलिपीत शोधाल तर नेटकेपणाच दिसेल.

सदाशिवपेठी
खर्ज यांच्याशी सहमत. अजून एक जोड. वीतोल्स यांची याच कवीच्या शब्दांवर दुसरी एक रचना आहे, 'बेवेरीनचा गायक'. हेन्री नावाच्या पाद्र्याने लिहिलेल्या मध्ययुगीन इतिवृत्तात १२०८ सालची नोंद आहे: बेवेरीन गडाला एस्टोनियन लोकांनी वेढा घातला असता एक पाद्री तटावर चढून वाद्य वाजवू लागला आणि चढाई करणारे ऐकत थबकले. आउसेक्लिसने पाद्रीच्या जागी गायक आणला. गाण्याने लढाई थांबते, गाण्याने गड वर येतो. संगीतकाराने एकाच कवीच्या या दोन कविता निवडाव्यात हा योगायोग मानायला मी तयार नाही.

ओवीवाली
वा काका! हे वाचून 'बेवेरीनचा गायक' शोधून ऐकलं. ऑर्केस्ट्रासकट आहे. मला 'गड'पेक्षा जास्त आवडलं, कारण कळत नाही.

तिरकस
@खर्ज, गळ्यात बसणं हा निकष लावला तर गणपतीच्या आरतीइतकी मोठी रचना जगात नाही. (हे मी विरोध म्हणून लिहायला घेतलं होतं, पण वाचून बघता अगदीच चूक वाटत नाही. तरी वीतोल्सबद्दलचं मत कायम.)

मध्यसप्तक
सगळ्यांचे आभार. दोन दिवस कामात होते, येऊन बघते तर धागा कुठल्या कुठे गेलाय.

काल तालीम झाली. खर्ज यांचा प्रतिसाद जर्मनमध्ये समजावून सांगितला, तर आमच्या बाई म्हणाल्या, मग कागद खाली ठेवा. पहिलं पान कसंबसं निभावलं. दुसऱ्या पानावर टेनरची वाट लागली, मग आमची. गड बुडाला तो बुडालाच, वर काही आला नाही. आता कार्यक्रमात हे एकच गाणं पाठ म्हणायचं असं ठरलंय, त्यामुळे सगळे माझ्यावर डूख धरून आहेत.

@रीगाकर, पुढचा महोत्सव कधी? परक्या माणसाला तिकीट मिळतं का?

रीगाकर
मोठा महोत्सव दर पाच वर्षांनी, म्हणजे २०२८. मधे शाळकरी मुलांचा वेगळा होतो. समारोपाची तिकिटं फार पटकन संपतात. पण आदल्या रंगीत तालमीलाही तिकीट काढून जाता येतं आणि गाणी जवळपास तीच असतात. बसायला पातळ उशी आणि रेनकोट आणा, जुलैतसुद्धा रात्री गारठा असतो. जर्मनीतून तुम्हाला व्हिसाचा प्रश्न नाही. भारतातून येणाऱ्यांनी शेंगेनची अपॉइंटमेंट आधी बघा, मग विमान.

कोकीळकंठ
माझं आणि पेटीवाल्यांचं नाव लिहून ठेवा. जेवणाचं काय? शाकाहारी मिळतं का तिथे?

रीगाकर
बटाटा मिळतो. बाकी माझ्याकडे या.